वाचवलेला टॅप

मी बोलतोय ते मोबाइलच्या काचेआडून. शर्टाचं बटण नव्हे हो, पडद्यावरचं. तळाशी ऐसपैस बसलेलं, हिरवं. माझ्यावर एकच शब्द आहे, 'उठलो'.

मला घडवलं एका मुलीनं. मोबाइलवर उघडणाऱ्या पानांची मांडणी करणं हे तिचं काम. तिचे बाबा सुतार, आता थकलेले, दुसऱ्या गावी एकटे राहतात. बापलेकीचा एकमेकांवर भारी जीव, पण बोलायचं म्हटलं की दोघांच्या तोंडाला कुलूप. फोन केला तरी "बरी आहेस ना?" "हो" याच्यापुढे गाडी सरकायची नाही. म्हणून तिनं मला केलं. सकाळी बाबांनी मला दाबायचं, की तिच्या फोनवर मी उजळायचो. तिनं मला दाबलं, की इकडे बाबांच्या तळहातात मी थरथरायचो.

रंधा मारून मारून बाबांचा अंगठा राठ झालाय. नाजूक बटणं त्याला दादच द्यायची नाहीत. म्हणून तिनं मला रुंद केलं आणि अंगठा आपसूक टेकतो तिथं बसवलं. मला पहिल्यांदा पाहून बाबा म्हणाले, "कोपरे घासून घे गं. टोचतात."

काचेवरचे कोपरे कुणाला टोचलेत का कधी? पण तिनं ते खरंच गोल केले.

काय दिवस होते ते! मी थरथरलो की बाबा म्हणायचे, "उठली." आणि मगच अंथरूण सोडायचे.

पुढे तिच्या ऑफिसात मी सगळ्यांना आवडलो. लांब राहणारे आईबाप काय एकट्या तिलाच होते? हजारो फोनांवर मी जाऊन बसलो. पण आमच्या धंद्यात एक टॅप, म्हणजे काचेवर बोट टेकवायचे एकदाचे कष्ट, वाचवला की पाठ थोपटली जाते. तिनं अख्खा मीच वाचवला. सकाळी फोन नुसता उजळला तरी लेकराला आपोआप वर्दी जाईल, म्हाताऱ्यांना दाबायची कटकट कशाला? बैठकीत टाळ्या पडल्या. मी सगळीकडून गेलो, तिच्या फोनवरूनही.

बाबांनी मात्र जुनं पान कधी बंदच केलं नव्हतं, म्हणून त्यांच्या फोनवर तेवढा उरलो. रोज अंगठा येतो, मी आत जातो, आणि माझी हाक कुठंच पोचत नाही. बाबा फोन तळहातावर धरून बसून राहतात. "कामात असेल," म्हणतात.

परवा ती घरी आली होती. मला बघून हसली.

"अहो बाबा, हे जुनं पान अजून ठेवलंय? आता दाबायची गरजच नाही. तुम्ही उठलात की मला कळतं."

"हो का? बरं झालं." बाबांनी फोन पुढे केला. मग हळूच विचारलं, "आणि तू उठलीस, हे मला कसं कळायचं?"

मला पुसायला निघालेलं बोट तिनं मागे घेतलं. "बघते, बाबा," एवढंच म्हणाली आणि संध्याकाळी परत गेली.

आज सकाळीही अंगठा आलाय. अजून उचललेला नाही. बाई गं, कोपरे गोल केलेस तेवढ्याच मायेनं मला एकदा दाब. या तळहातात मला पुन्हा थरथरायचंय. बाबा अजून अंथरुणातच आहेत.