घासेल त्याची भिंत

मित्रांनो, अर्धे केस झडलेला, पाठीला उभा तडा गेलेला आणि एका कडेनं चक्क जळलेला असा मी एक म्हातारा काथ्याचा ब्रश आहे. बेंगळुरात बळेपेठेतल्या एका घराच्या माळ्यावर मी पडून असतो. उंदरांखेरीज माझी कुणी विचारपूस करत नाही, आणि उंदरांचा हेतू काही चांगला नसतो. पण एके काळी मी लढवय्या होतो. माझी जळकी कड दिसते ना? ती भिंत घासून झालेली नाही. तिचीच गोष्ट सांगतो. माझ्या सांगण्यात पदरचं काही नाही. असलंच तर फोडणीपुरतं.

माझा जन्मच मारामारीतला. तिपटूरकडच्या एका उंच माडावरून माझा नारळ सुटला, तो खालून चाललेल्या रेड्याच्या कपाळावर. रेडा मेला नाही. पण पुढं जन्मभर तो माड दिसला की आधी गुडघे टेकायचा आणि मगच वाटेला लागायचा. नंतर माझी सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, काढून घाण पाण्यात कुजत घातली, आणि फुगल्यावर लाकडी मोगऱ्यांनी अशी बडवली, की मांस सगळं गेलं, नुसत्या शिरा राहिल्या. त्या शिरांच्या जुड्या लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून तारेनं आवळून बसवल्या. इतका मार खाऊन जो जगात येतो, तो कुणाला कुरवाळायला येत नाही.

चिकपेठेतल्या दुकानातून मला सगुणाबाईनं उचललं. हातात धरून माझे केस तिनं अंगठ्यानं असे मागं वाकवले, की मी मनात म्हटलं, बाई आपल्या जातीची आहे.

सगुणाबाई त्या घरची थोरली सून. शहाजीराजांच्या घोड्यांमागून या मुलखात आलेलं ते घराणं, असं तिचे सासरे आप्पाजी सांगत. आप्पाजी तरुणपणी पैलवान होते. म्हातारपणी त्यांचं एकच काम उरलं होतं: टकलावर एरंडेल थापायचं आणि दारालगतच्या दगडी ओट्यावर, ज्याला तिथं जगली म्हणतात, भिंतीला डोकं टेकून बसायचं. इतकी वर्षं ते एकाच जागी टेकले, की भिंतीवर ताटाएवढा तेलाचा गोल उमटला होता. आप्पाजी देवळात गेलेले असले, तरी येणारे लोक त्या गोलाला नमस्कार करून जायचे.

थोरला मुलगा व्यंकोजी, धाकटा गुंडो. गुंडोची बायको शालन. दोन्ही जावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. घराचं आतलं सगळं वाटून झालं होतं. राहिली होती ती रस्त्याकडची भिंत आणि तिच्या मधोमधचं एकुलतं एक दार. दाराला लागूनच आप्पाजींचा तो गोल. त्या दारावरून रोज कडाक्याचं भांडण. ते दिवस पन्नास सालानंतरचे. जिकडंतिकडं ‘कसेल त्याची जमीन’ची भाषणं चालली होती. आप्पाजी असंच एक भाषण ऐकून आले, जेवायला बसले, तर त्यांच्या ताटापुढंच दोन्ही सुना पुन्हा सुरू!

आप्पाजी वैतागून म्हणाले, “कसेल त्याची जमीन ना? मग घासेल त्याची भिंत! जिनं जेवढी घासली, तेवढी तिची. सरी? पटलं? आता मला जेवू द्या.”

बोलले ते थट्टेनं. जेवून आडवे झाले. उठून बाहेर येतात तो भिंतीची दोन्ही टोकं ओलीचिंब, आणि दोन्हीकडं पदर खोचलेली एकेक सून.

मित्रांनो, ती भिंत म्हणजे काय होती, ते ऐका. समोर बोंडं तळणाऱ्याची कढई. तिचा धूर थरावर थर बसून इतका घट्ट झाला होता, की त्यात एक चिमणी चिकटली होती म्हणतात. खाली जटक्याच्या, म्हणजे तिथल्या टांग्याच्या, घोड्यांनी उडवलेला चिखल. त्याखाली हिरवं, गुळगुळीत शेवाळ. सगुणाबाईनं घरातलीच हत्यारं काढली. धुण्याचा सोडा उकळत्या पाण्यात कालवून तिनं धुरावर मारला, की धूर काळ्या अश्रूंनी रडत खाली यायचा. शेवाळावर मीठ आणि लिंबू चोळलं, की ते तडफडायचं. मी माझ्या कानांनी त्याची किंकाळी ऐकली आहे. दाराच्या पितळी कडीवर अजून कुणाचाच हक्क नव्हता, तरी चिंच लावून तिचाही गळा आवळून ठेवला. कोळ्यांची घरं, पालींची शेपटं, मुंग्यांची अख्खी गावं मी चिरडली. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

पलीकडून शालन राख आणि विटेची भुकटी घेऊन चाल करून येत होती. रोज हातभर ती पुढं, हातभर आम्ही पुढं. जसजसं अंतर कमी झालं, तसतसा मार भिंतीवरून माणसांवर आला.

“अक्का, तुमचं घाण पाणी माझ्या भागावर येतंय!”

“पाण्याला काय सांगू, शालनच्या भागात जाऊ नको म्हणून?”

असं म्हणून सगुणाबाईनं बादलीच भिरकावली. शालननं भुकटी डोळ्यांत फेकली. मग झिंज्या धरल्या गेल्या, बांगड्या फुटल्या, मनगटं रक्ताळली. व्यंकोजी सोडवायला आला, त्याच्या नडगीवर तांब्या बसला. गुंडो सोडवायला आला, त्याचा कान असा पिळला गेला, की पंधरा दिवस त्या कानानं त्याला फक्त कानडी ऐकू यायची. दूधवाल्याचा तर काही संबंधच नव्हता, तरी त्याचा पुढचा दात गेला. व्यंकोजी एकदा म्हणाला, “जयनगरात नवी घरं होताहेत. जाऊ या का तिकडं?”

“आणि ही भिंत तिला देऊ?” सगुणाबाई कडाडली. त्या दिवसापासून दोघे भाऊ परसातून मागच्या गल्लीनं ये-जा करू लागले.

युगादीचा, आपल्या पाडव्याचा, आदला दिवस उजाडला. सगळी भिंत लखलखीत झाली होती. उरला होता तो फक्त तेलाचा गोल, आणि त्याला टेकलेले आप्पाजी. तो गोल जिचा, दार तिचं.

“मामंजी, स्वल्प सरका,” सगुणाबाई म्हणाली. तिच्या हातात शिकेकाईचं वाटण होतं. तेलाला त्याच्यासारखा वैरी नाही.

“मामंजी, इकडं सरका,” शालन दुसऱ्या बाजूनं.

“मी कुठंच सरकत नाही,” आप्पाजी म्हणाले. “मला पण घासून टाका आता.”

सगुणाबाईनं त्यांच्या डोक्यावरून हात घालून मला गोलावर टेकवलं, तोच शालननं माझं दुसरं टोक पकडलं. ही ओढतेय, ती ओढतेय. माझ्या तारा करकरल्या, पाठ तडकली. आणि मित्रांनो, त्या वेळी सगुणाबाईच्या मनात आलं, की आपण एकदम सोडून द्यावं, म्हणजे ही बया उताणी पडेल. तिनं सोडलं. शालन पडली खरी. पण शिकेकाईनं निसरडा झालेला मी तिच्या हातातून सुटलो, आणि माझी लाकडी पाठ आप्पाजींच्या कपाळावर फाडकन बसली.

रेड्याच्या कपाळानंतर इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. रक्ताची चिळकांडी उडाली ती बरोबर तेलाच्या गोलावर. एवढा पैलवान, पण जागच्या जागी कलंडला.

डॉक्टर आले, टाके पडले, आप्पाजी आतल्या खाटेवर गेले. आणि बाहेर एक नवलच घडलं. ज्या भिंतीच्या बोटभर तुकड्यासाठी इतकं रक्त सांडलं, तिच्यावरचा तो लाल डाग घासायला कुणीच पुढं येईना. जी घासेल, तिच्याच माथी ते रक्त, असं गल्ली म्हणणार. डाग सुकला. माश्या बसल्या.

संध्याकाळी समोरच्या पद्मावतीबाई उभ्या राहिल्या. “काय गे, एवढी भिंत चकचकीत आणि मधलंच राहिलं?”

“तिला विचारा,” दोघी एकदम म्हणाल्या.

त्या रात्री सगुणाबाईनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.  युगादीला सकाळी अभ्यंगस्नानासाठी न्हाणीतली चूल पेटली. सगुणाबाई मला पदराखाली घेऊन आली आणि तिनं मला विस्तवात सारलं. काथ्याला पेटायला किती वेळ लागतो? माझी एक कड धडधडू लागली. ज्या हातासाठी मी एवढ्या लढाया लढलो, त्याच हातानं मला आगीत घातलं. जाळापेक्षा ते जास्त झोंबलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “सगुणा! तो ब्रश आण.”

आप्पाजी डोक्याला पट्टी बांधून जगलीवर येऊन बसले होते.

“कुठला ब्रश, मामंजी?” तिनं आतूनच विचारलं.

“ज्यानं माझं टक्कल घासलंत, तो.”

सगुणाबाई चुलीकडं बघत राहिली. नाही म्हणाली असती, तर संपलं होतं. थोड्या वेळात राखेशिवाय काही उरलं नसतं. पण ती खाली बसली, उघडा हात विस्तवात घातला आणि तिनं मला बाहेर ओढलं. कातडीचा चर्र आवाज झाला. धुमसत्या मला घेऊन ती सासऱ्यांपुढं उभी राहिली.

“मीच सोडला, मामंजी. शालन पडावी म्हणून मुद्दाम सोडला.”

“तुम्ही कसला सोडताय, अक्का!” शालन आतून धावत आली. “मी हिसडा दिला म्हणून सुटला. माझ्याच हातातून सुटला.”

“तू मध्ये बोलू नको. मी सोडला!”

“नाही, मी ओढला!”

“गप्प!” आप्पाजी गरजले. पट्टीवर ताजा लाल ठिपका उमटला. “आता याचीही वाटणी करू? अर्धा टाका हिचा, अर्धा तिचा?”

 मग सगुणाबाई रडली, तिचा पोळलेला हात धरून शालन रडली. आप्पाजींनी थंड पाणी मागितलं. “गरम नको. गरम पाण्यानं रक्त भिंतीत घर करतं. तालमीतल्या लंगोटांनी शिकवलंय मला.” डागावर मूठभर मीठ लावून, अर्धा जळका मी हातात धरून ते स्वतः घासू लागले. शालन पाणी ओतत होती. पैलवानाचा हात तो, पण मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हळू फिरवलं. रक्त गेलं, त्याच्यासोबत तेलही गेलं. गोल स्वच्छ झाला.

आप्पाजींनी मला खाली ठेवलं. “घासेल त्याची भिंत. ठरलंय ना? मग हा गोल माझा, आणि गोल ज्याचा, दार त्याचं. इथून पुढं दोघींनी मला विचारून आत यायचं.”

असं म्हणून त्यांनी डोकं मागं टेकलं. पट्टीखालून एरंडेलाचा एक ओघळ आला आणि चकचकीत भिंतीवर नवा डाग पडला. सुनांनी एकमेकींकडं पाहिलं. तो घासायला एकीही हलली नाही.

आप्पाजी जाऊन बरीच वर्षं झाली. दर युगादीला भिंतीला चुना लागतो, पण रंगाऱ्याचा हात दारालगत आला की दोन म्हाताऱ्या एकदम ओरडतात, “तिथं नको!”

तर मित्रांनो, भिंती जरूर घासा. धुराला सोडा, शेवाळाला मीठ-लिंबू, तेलाला शिकेकाई. हयगय करू नका. पण घासण्याआधी भिंतीला कोण टेकून बसलंय, तेवढं बघून घ्या. आणि माझी एक विनंती. कधीतरी मला माळ्यावरून उतरवून उन्हात ठेवा. कुणाला सांगायचं तर सगुणाबाईलाच सांगा. तिच्या बोटांवर आणि माझ्या कडेवर एकाच विस्तवाची खूण आहे. ती मला चुलीत घालणार नाही.