आधी समोरच्याची बाजू

मी एक जुना पोडियम आहे, मित्रांनो. सुताराने मला सागवानातून घडवलं ते कोलकात्यातल्या बालीगंजच्या आमच्या मराठी मंडळासाठी. बोलणारा प्रत्येक जण माझ्यावरच हात टेकतो. समारंभात मला हार घालतात, आणि मुद्दा सुचेनासा झाला की बुक्क्याही मलाच मारतात. एरवी माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत असतात. असो.

गेल्या महिन्यात मंडळाने रविवारचा मराठी वर्ग बंद करायचं ठरवलं. कादंबरी नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचा तर जीव त्या वर्गात. तिचा जन्म इथलाच, आणि साताऱ्याच्या आजीशी तिला पोटभर बोलायचं होतं.

वर्ग घेणाऱ्या विनीताताईंनी सभेच्या तयारीसाठी तिला माझ्यामागे उभं केलं. "आधी नमस्कार. मग काय घडलं ते, मग तुझं म्हणणं आणि पुरावा."

"आणि अध्यक्षकाका नाही म्हणाले तर?"

"त्यांची बाजू तूच आधी मांड, त्यांच्याहून चांगली. मग उत्तर दे. मनातलं शेवटी सांग. आधीच रडलीस तर पुढचं कोण ऐकेल?"

जुन्या ग्रीक वक्त्यांची ही रीत. आपले पंडितही आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणंच मांडत. मी मात्र इतक्या वर्षांत तो फारसा ऐकला नव्हता.

सभेत कादंबरी म्हणाली, "दत्तात्रयकाकांचं खरं आहे. चारच मुलं येतात, आणि त्यासाठी ताईंचा अख्खा रविवार जातो." अध्यक्ष दत्तात्रयकाका चक्क मान डोलवू लागले. "पण मुलं आम्ही आणू. घरोघर जाऊन आम्ही खूप चेष्टा करू."

सगळे खो खो हसले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मला फार वाईट वाटलं.

"माझं काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "पण काय ते कोणी सांगितलं नाही. घरीही सगळे हसतात. आजी हसत नाही, ती गप्प होते. तिला वाटतं, मी तिची नाहीच. वर्गात ताई थांबतात आणि शब्द सांगतात. हाच माझा पुरावा."

दत्तात्रयकाकांनी चष्मा काढून पुसला. "'प्रयत्न' म्हणायचं, बाळा. वर्ग चालू राहील. रविवारी मीही येतो."

मित्रांनो, माझ्यावर छत्र्या खुशाल वाळवा. पण कोणी बोलताना अडखळलं, तर हसून पुढे जाऊ नका. शब्द सांगा, आणि त्याला पुन्हा बोलू द्या.