हातमोजे माझ्यात पडायच्या आधी

मित्रांनो, ऊन खाऊन माझा पिवळा रंग फिकटला असला, तरी मी तोच जुना डबा आहे. खटक्यावर पाय दाबला की माझं तोंड उघडतं, पाय काढला की मिटतं. काही माणसांना एवढंही जमत नाही!

दौंडकडच्या एका कारखान्यात साच्यातून निघालो आणि न्हावऱ्याच्या दवाखान्यात कचरा घ्यायला एस्थर नर्सच्या पायाशी आलो. कोरोनात ती मला घेऊन गावोगाव रॅपिड टेस्ट करायला जाई. नाकात घातलेली काडी, तपासणीची वापरलेली पट्टी, हातमोजे, सगळं माझ्या पोटात पडे. दर माणसामागे मोजे बदलायचे, हात धुवायचे. कुणी काडी टेबलावर ठेवली, की ती कडाडायची, "माझ्या डब्याला उपाशी ठेवता व्हय?" मला तिचा फार अभिमान वाटे.

एका रविवारी तपासणी तिच्याच चर्चच्या आवारात होती. उपासना सुटली की दारात हातात हात घेऊन 'जय ख्रिस्त' म्हणायचं, ही तिथली रीत. साथीमुळे ती बंद होती. पण तिचे वडील गिदोन आप्पा सवयीने टेबलापाशी आले. एस्थरने नुकतीच एका खोकणाऱ्या बाईची काडी माझ्यात टाकली होती. मोजे अजून हातातच होते.

"पोरी, बापाला बी हात देणार न्हाईस व्हय?" आप्पा हसून म्हणाले.

तिने हात दिला. आप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते त्याच हाताने पुसले. मी तोंड मिटून बघत राहिलो.

त्या बाईच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे कोरोना. पुढच्या आठवड्यात आप्पांना धाप लागली. ते दवाखान्यातून परत आलेच नाहीत. आजार त्या हातातून गेला की आणखी कुठून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण एस्थरची समजूत कोण घालणार?

ती कामावर परतली, तेव्हा शेजारच्या मेरीकाकू तिला जवळ घ्यायला धावल्या. एस्थर मागे सरली. "थांबा काकू, मोजे हायेत हातात." तिने मोजे माझ्यात टाकले, साबणाने कितीतरी वेळ हात चोळले, आणि मग काकूंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. माझं काळीज तुटलं.

आता साथ सरली. माझा पायखटका गंजलाय. घाईत कुणी काडी टेबलावरच विसरतं. मित्रांनो, मायेने हात जरूर पुढे करा. पण आधी मोजे माझ्या पोटात टाका, हात धुवा. त्या रविवारी एस्थरला तेवढाच वेळ हवा होता. आप्पा थांबले असते.