नकाशातल्या वेशीला पिंपळ नाही

मी एक जुनी वेस आहे, मित्रांनो. शिरूर तालुक्यातल्या एका लहानशा गावाची. घडीव दगड, चुना आणि चिंचोळं तोंड. बाहेरून येणाऱ्याला आधी वळावं लागतं, मगच गाव दिसतं. लढायांच्या काळात घोडेस्वार इथंच अडायचे. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

आता दर यात्रेला मंडपवाला माझ्यापुढं कापडी कमान उभी करतो. तिला घुमट काय, थर्माकोलचे हत्ती काय! सगळे फोटो तिचेच निघतात आणि मी मागं झाकलेली. चार दिवसांची ती सटवी, पण तिला पाहून माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

दोन हजार चार साली हौसराव आबांची नात वैष्णवी शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या एका खेळासाठी तिनं शिवकाळातल्या आपल्या गावाचा नकाशा बनवला आणि तो कागदावर छापून आणला. आबा माझ्या ओट्यावर बसले होते. मी तर हरखूनच गेले. अखेर कुणाला तरी माझी आठवण झाली!

आबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "आगं, ही वेस कुठली?"

"आपलीच की आबा. यात्रेच्या फोटोवरनं काढली."

"आगं येडे, ही मंडपवाल्याची कमान हाय! थर्माकोलचा हत्ती तवा कुठनं आला?"

वैष्णवीचा चेहरा उतरला. माझा तर जळफळाट झाला. लढाईतही तीच पुढं, आणि माझा पत्ताच नाही!

मग पोरीनं टेप आणला. दगड मापले, वळणावरून हात फिरवला. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. माझ्या माथ्यावरच्या पिंपळाकडं पाहून मात्र ती थबकली.

"आबा, ह्यो दाखवू?"

"नगं. लढाईच्या टायमाला न्हवता त्यो."

नवा नकाशा आला. हुबेहूब मीच! फक्त पिंपळ नाही, त्यानं पाडलेली भेग नाही. खेळणारी पोरं माझ्या वळणावर अडतात म्हणे. आबा अजूनही तो कागद येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

आणि मित्रांनो, आता मला त्या कमानीचा नाही, नकाशातल्या वेशीचा हेवा वाटतो. तिचा पिंपळ आबांच्या नुसत्या 'नगं'नं गेला. माझा अजून तसाच आहे. त्याची मुळं चुन्यात शिरलीत, डावीकडचा दगड सुटत चाललाय. तिच्यावर पाऊस पडत नाही, माझ्यावर पडतो.

माझं खरं रूप ओळखलंत, फार बरं वाटलं. पण पुढच्या वेळी टेपाबरोबर कोयता आणि चुनाही आणा. तिथला पिंपळ वगळलात ना? मग इथलाही काढा रे, मी उभी आहे तोवर.