सावलीकडची बाजू

माझ्या नवऱ्याला प्रवासाला निघायचं म्हणजे घर हलवायचं असतं. चहाचा सामोवार, शेगडी, कोळसे, कबाबच्या सळया, कलिंगड आणि वाटेत भूक लागली तर असू दे म्हणून आणखी एक कलिंगड. मला एक पिशवी पुरते. वर्षभर पहिलीच्या पोरांपुढे घसा फोडल्यावर सुट्टीत मला एवढंच हवं असतं, समुद्राकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची आणि माझ्याशी न बोलणारी माणसं. कियूमर्सला मात्र वाटेतल्या प्रत्येक चहावाल्याच्या घरची खुशाली विचारायची असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याची सुट्टी आणि माझी सुट्टी यांची अजून गाठ पडलेली नाही.

या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आम्ही दोघंच निघणार होतो. मुलगी सासरी, मुलगा लष्करात. वाटेत फक्त दोनदा थांबायचं आणि समुद्रावर पोचल्यावर मला एकही प्रश्न विचारायचा नाही, असं मी कियूमर्सकडून कबूल करून घेतलं होतं. कधी एकदा निघतो असं मला झालं होतं.

गाडी भरून झाली तेवढ्यात समोरच्या घरातून नोसरत आगा पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आले. निघालेल्या माणसाच्या मागे रस्त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे तो सुखरूप परततो. आमच्या गल्लीत हे काम त्यांच्या बायकोचं, अकदस खानमचं. ती हिवाळ्यात गेली. सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात अडकवलेले आगा दोन्ही हातांनी भांडं धरून उभे राहिले आणि कियूमर्सला भरून आलं. भरून आलं की त्याचं तोंड सुटतं.

"आगा, चला ना आमच्याबरोबर!"

"छे छे, तुम्ही मुलं जाऊन या."

"अहो, गाडीत जागाच जागा आहे."

"नको बाबा, मला म्हाताऱ्याला कुठे नेतोस?"

जागा कसली डोंबलाची! मागच्या सीटवर कलिंगडं ऐसपैस बसली होती. पण आमच्याकडे बोलावणाऱ्यानं तीनदा बोलवायचं आणि समोरच्यानं तीनदा नाही म्हणायचं. हा तआरोफ माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ असतो. त्यामुळे तिसऱ्या वेळी कियूमर्स निर्धास्तपणे छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही नाही आलात तर आम्हाला समुद्र गोड लागायचा नाही!"

आगांनी भांड्यातल्या पाण्याकडे बघितलं.

"मग येतो," ते म्हणाले.

कियूमर्सचा हात छातीवरच राहिला. आगा आत जाऊन सतरंजीची एक वळकटी आणि थर्मास घेऊन आले. मागे पाणी ओतायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच ओतलं आणि एक कलिंगड मांडीवर घेऊन गाडीत बसले.

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी दातओठ खात म्हटलं.

"अगं, तिसऱ्यांदा कुणी हो म्हणतं का?" तो कुजबुजला.

घाट लागला तरी मी अवाक्षर काढलं नाही. मला गप्पच बसायचं होतं, पण असं नव्हे. कियूमर्स दोनदा चहाला थांबला, दोन्ही वेळा आगांना खाली उतरवलं, आणि कबूल केलेले दोन्ही थांबे तिथंच संपले. वाटेतलं धरण मागे पडलं तसे आगा म्हणाले, "बाळा, पुढच्या पुलापाशी जरा गाडी थांबवशील?"

पुलाखाली, नदीच्या अगदी काठाला, एक जुनं तुतीचं झाड होतं. आगा वळकटी काढून उतरले.

"माझं ठिकाण आलं. तुम्ही व्हा पुढे, मी संध्याकाळच्या बसनं घरी जाईन."

"म्हणजे? आणि समुद्र?" कियूमर्सनं विचारलं.

"समुद्रापर्यंत आम्ही कधी गेलोच नाही रे. अकदस म्हणायची, समुद्र एकदा बघितला की झालं, नदीचं तसं नाही. दर उन्हाळ्यात इथंच यायचो, दिवसभर बसायचो आणि परतायचो. यंदा एकट्यानं बसमध्ये चढवेना. तू बोलावलंस तेव्हा म्हटलं, निदान अर्ध्या वाटेपर्यंत सोबत होईल. माझं तिसरं 'नाही' राहून गेलं बघ."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझी खुर्ची, माझा समुद्र, सगळं परत मिळालं होतं. त्या आनंदातच मी त्यांना सतरंजी अंथरायला मदत केली. अर्धी सावलीत आली, अर्धी उन्हात. आगा चपला काढून उन्हात जाऊन बसले.

"आगा, इकडे सरका की, एवढी सावली मोकळी आहे."

"नको, इथं बरं आहे. ती बाजू..." त्यांनी डोक्यावरची टोपी उगाच नीट केली. "सवय गं पोरी. तिला ऊन सोसायचं नाही."

हा माणूस आता संध्याकाळपर्यंत रिकाम्या सावलीशेजारी उन्हात बसणार होता. अशा माणसाला मागे टाकून मला कुठला समुद्र दिसला असता!

"आम्ही बसू का इथं, आगा?"

"छे, तुमची सुट्टी आहे. जा तुम्ही."

"खरंच बसतो."

"नाही नाही, पुढे गर्दीत अडकाल."

"निदान एक चहा घेऊन जातो."

"म्हणालीस, त्यात सगळं आलं. निघा आता."

तीन झाले. कियूमर्सनं खिशातून किल्ली काढली. रीत पुरी झाली होती, आता निघालो असतो तर कुणी नावं ठेवली नसती. तीनदा आमच्याकडे सगळेच विचारतात. चौथ्यांदा विचारतो तो मनापासून विचारतो.

"नोसरत आगा," मी म्हटलं, "चौथ्यांदा विचारतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नदीकडे. पुढे वाकून ते सावलीतल्या सतरंजीवर पडलेल्या काळ्या तुती एकेक करून उचलू लागले. सगळ्या उचलून झाल्यावर त्यांनी तळहातानं ती जागा झटकली.

"बस, पोरी. कपडे जप, तुतीचा डाग जात नाही."

मी चपला काढून बसले. कियूमर्स सामोवार आणायला गाडीकडे गेला, आणि मग कितीतरी वेळ मला कुणी काही विचारलं नाही.