हेमलतानं सांगितलेला खून

एकोणीसशे बाहत्तरच्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याचा पद्माकर नगरला मुलगी बघायला आला. वडील साखर कारखान्याचे संचालक, दारात जीप, अंगात टेरिलीनचा सदरा. त्यानं हेमलताला विचारलं, "वाचायला काय आवडतं?"

"सध्या एका खुनाबद्दल वाचतेय," ती म्हणाली. तिची आई दचकलीच.

"अमेरिकेत दोन लखपतींची मुलं होती. फार हुशार, कामधंदा काही नाही. आपण कुणाला सापडत नाही हे दाखवायला त्यांनी ओळखीतल्या एका मुलाला मारलं."

"मग?"

"एकाचा चष्मा तिथंच पडला."

पद्माकरचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. हेमलता गालात हसली. "तुम्ही दिवसभर काय करता?"

"उसाला पाणी देतो."

"कवापासून रं?" सोबत आलेल्या आत्यानं विचारलं. सगळे हसले, पद्माकरही लाजून हसला. मग त्यानं हळूच विचारलं, "त्या मारलेल्या मुलाचं नाव काय होतं?"

हेमलतानं आता त्याच्याकडे नीट पाहिलं. कॉलेजात तिनं ही हकिकत कितीजणींना सांगितली होती, पण सगळ्यांनी खुन्यांचीच नावं विचारली होती. तिनं त्याला नाव सांगितलं.

पाहुणे गेल्यावर आईनं भीतभीत विचारलं, "काय कळवू गं?"

"हो कळव," हेमलता म्हणाली. "माणूस बरा वाटला."