पट अडतीस, हजर एक

मित्रांनो, मी एक जुना गुंडाळी फळा आहे. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभा असतो. शाळेत भिंतीवर ठोकलेला फळा असतो ना, तो माझा थोरला भाऊ समजा. त्याला नोकरी पक्की. मी आपला काखोटीला मारून न्यायचा. जी माणसं शिक्षक व्हायला शिकतात, ती आम्हाला घेऊन शाळाशाळांतून हिंडतात. मी काही फार शिकलेला नाही हं. जेवढं शिकलो तेवढं तास संपला की पुसलं गेलं.

मला बनवलं एका पेंटरनं. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. त्याला एकच लेक. बाई पदवीधर, पण बसायची दवाखान्याच्या खिडकीत, पेशंटची नावं लिहायला. दहा वर्षं लिहिली. मग एक दिवस पेपरात जाहिरात आली. पदवीधरांना प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर अर्ज करा. पदवीला पन्नास टक्के हवेत, प्रवेश परीक्षा, मुलाखत, दोन वर्षांचं प्रशिक्षण, त्यावर पात्रता परीक्षा, आणि मग भरती निघेल तेव्हा भरती. वयाची अट वेगळीच. एवढ्या पायऱ्या तर डोंगरावरच्या देवळालाही नसतात!

मुलाखतीत तिला विचारलं, "पदवी आहे, मग लहान मुलंच कशाला?" ती म्हणाली, "मोठं मूल शाळा सोडतं तेव्हा भांडून सोडतं. लहान मूल सोडतं तेव्हा नुसतं पटावरचं नाव कमी होतं. कुणाला कळतसुद्धा नाही." मी तेव्हा नव्हतो, पण हे घरात इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. तिची निवड झाली.

बापाला कोण आनंद! एका दुकानाच्या जुन्या छपराचं जाड कापड त्यानं आणलं, खडू धरावा म्हणून काळ्या रंगात बारीक पूड मिसळली आणि तीन हात दिले. वर-खाली लाकडी दांडे ठोकले. झालो मी तयार. पण रंगाऱ्याचा हात, तो गप्प बसतोय होय? फळ्याच्या कोपऱ्यात इयत्ता, पट, हजर असं लिहायचं असतं, हे त्यानं लेकीकडून ऐकलं होतं. पठ्ठ्यानं पांढरा ऑइलपेंट घेतला आणि झोकदार अक्षरात लिहून टाकलं: इयत्ता दुसरी. पट ३८. हजर. हजरच्या पुढे तेवढी जागा सोडली.

लेक कपाळाला हात लावून बसली. "अहो अप्पा, हे रोज बदलतं! खडूनं लिहायचं असतं. आता हे पुसायचं कसं?"

"पुसायचं कशाला?" अप्पा म्हणाले. "पक्का रंग आहे. दहा वर्षं हलणार नाही."

"पण दुसरीच का?"

अप्पा ब्रश धूत राहिले. मग म्हणाले, "दुसरीपर्यंतच बघितलीय मी शाळा. अडतीस होतो आम्ही वर्गात. भागाकार निघाला आणि मी पळालो तो परत गेलोच नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती त्या अक्षरांवर काळ्या कागदाची पट्टी चिकटवून मला न्यायला लागली.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला होता. तास संपला की फळा पुसल्याशिवाय वर्गाबाहेर पाय टाकायचा नाही. पुढच्या माणसाला फळा स्वच्छ मिळाला पाहिजे. हा नियम तिनं घरीसुद्धा पाळला. घरी? हो तर! प्रत्येक पाठ आधी घरी घेऊन बघायची. मला खिळ्याला टांगायचं आणि समोर अप्पा मांडी घालून. घरी पट्टी काढायची आणि हजरच्या पुढे खडूनं लिहायची, १.

"हजर, बाई," अप्पा हात वर करून म्हणायचे.

"शाबास. आता मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. वर्गात मुलं चुकतात, मला सवय व्हायला हवी."

"मुद्दाम कशाला? बारा भागिले पाच, सात!"

"अप्पा, ती वजाबाकी झाली."

"बघ, न सांगता चुकलो. हुशार आहे की नाही तुझा विद्यार्थी?"

असं हसत-हसत भागाकार चालायचा. बाकी उरली की अप्पा घाबरायचे. उरलेल्याचं काय करायचं, हेच त्यांना कळायचं नाही.

शेवटच्या परीक्षेचा पाठ होता चौथीला. मागच्या बाकावर परीक्षक वही उघडून बसलेले. पाठ रंगात आला आणि माझी पट्टी सुटली की हो! टपकन खाली. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी ओरडली, "बाई, आम्ही चौथीत आहोत! तुमचा फळा दुसरीतच आहे!" सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. माझा तर रंगच उडाला असता, पण पक्का होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो भागाकाराला घाबरून दुसरीत राहिलाय. चला, आज आपण सगळे मिळून त्याला शिकवू."

आणि काय सांगू, त्या वर्गानं मला असा भागाकार शिकवला! परीक्षकांनी वहीत लिहिलं, 'फलकलेखन सदोष. बाई मात्र वर्गाची.' तो शेरा अप्पांनी चार वेळा वाचून घेतला. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच.

पात्रता परीक्षाही ती पास झाली. भरती निघाली, यादीत नाव आलं. आता फक्त मूळ कागद दाखवायचे होते. दिवस ठरलेला, सकाळी दहा. आदल्या रात्रीच तिनं कागद फाइलमध्ये लावले होते. सकाळी आठ वाजता अप्पा पाटी रंगवताना शिडीवरून पडले. लेक फाइल घेऊन दवाखान्यात गेली. दहा वाजता त्यांच्या पायाला प्लास्टर चढत होतं. "तू जा गं, जा," असं ते ओरडत होते, पण सही करायला दुसरं होतं कोण? दुसऱ्या दिवशी ती त्या ऑफिसात गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "गैरहजर लिहिलंय. पुढच्या भरतीला या."

पुढची भरती चार वर्षांनी निघाली. तोवर वयाची अट ओलांडून तिला एकोणीस दिवस झाले होते. आयुष्यभर लोकांची नावं लिहिलेली बाई. तिचं नाव लिहायला एकोणीस दिवस कुणाकडे निघाले नाहीत.

त्या दिवशी अप्पा लंगडत माझ्याजवळ आले. हातात काळ्या रंगाचा डबा. त्यांना माझा कोपरा मिटवायचा होता. "माझ्यामुळे झालं सगळं," ते पुटपुटत होते. "कुठला पट नि कुठली दुसरी."

लेकीनं त्यांचा हात धरला. "राहू द्या, अप्पा. मला वर्ग नाही मिळाला. पण त्या अडतीसातला एक तर माझ्याकडे आला ना?"

अप्पांनी डबा खाली ठेवला. मग दोघं कितीतरी वेळ रडली. मी भिंतीवर टांगलेलो, करणार काय?

ती पुन्हा दवाखान्याच्या खिडकीत बसायला लागली. पण संध्याकाळी मला खिळ्याला टांगायची. अप्पा खाटेला खिळले तेव्हाही तास बुडाला नाही. शेवटच्या दिवशी तिनं हजरच्या पुढे १ लिहिला आणि खाली सतरा भागिले पाच. अप्पा खूप वेळ बघत राहिले. मग बारीक आवाजात म्हणाले, "तीन वेळा जातो. दोन उरले. उरू देत, बाई. उरलं म्हणजे चुकलं असं नसतं."

"बरोबर, अप्पा. अगदी बरोबर."

सकाळी हजर म्हणायला अप्पा नव्हते.

चार दिवसांनी तिनं मला खिळ्यावरून उतरवायला घेतलं. हातात डस्टर होतं. माझ्यासमोर उभी राहिली, हात कोपऱ्यापर्यंत आणला आणि तिथंच थांबली. मग डस्टर खाली ठेवलं आणि मला तसाच, न पुसता, गुंडाळलं. एवढ्या वर्षांत तिनं नियम मोडला तो त्या एकाच तासाला.

मित्रांनो, तेव्हापासून मी या फटीत आहे. माझं कापड चिरलंय, एका दांड्याला वाळवी लागलीय. तुम्ही माझी दोरी सोडाल, मला झटकाल, धूळ पुसाल, तर उपकार होतील. तुमच्या बाईंसाठी फळा पुसायचा असतो तोही रोज पुसा, त्या मोठ्या मुश्किलीनं तिथवर पोचलेल्या असतात. पण माझ्या कोपऱ्यात, हजरच्या पुढे, खडूचा एक १ आहे. निम्मा उडालाय.

तेवढा पुसू नका रे.